बाबांचा आजार, माझे उंदीर

नरखेडकडच्या आमच्या गावात बाबांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा मी नागपुरात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. संत्र्याची कलमं बांधणारा हात तो. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. माझ्या संशोधनाचा विषयही तोच होता, आणि तो मी बाबांच्या आजाराआधीच निवडला होता.

आई नव्हती, म्हणून बाबांना मी माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं. पण त्यांच्याजवळ थांबणं काही जमेना. प्रयोगशाळेतल्या उंदरांना रोज ठरल्या वेळी इंजेक्शन द्यावं लागे, रविवारीसुद्धा. एक दिवस चुकला तर महिन्यांचं काम वाया. प्राण्यांच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, तेही कळायचं नाही.

एकदा बाबांनी माझ्या फोनवर प्रयोगाचा व्हिडिओ पाहिला. फिरत्या दांड्यावर ठेवलेला उंदीर दोन-चार पावलं टाकून खाली पडत होता.

"हा काहून पडून राहिला वं?"

"त्याला तुमच्यासारखाच आजार आहे, बाबा."

"आपोआप झाला?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. मीच दिला. एका कीटकनाशकाचं इंजेक्शन देऊन."

त्यांनी बोटानं पुढचा व्हिडिओ लावला. त्यातला उंदीर बराच वेळ दांड्यावर टिकला. त्याला आम्ही तपासतोय ते औषध चालू आहे, असं मी सांगितलं. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मंग मले कधी देशीन?"

तो उंदीर का टिकला, ते मला पुढे सगळ्या गटांचे निकाल शेजारी ठेवल्यावर कळलं. त्याच्या गटाला औषध आधीपासून मिळत होतं, आजार नंतर दिला होता. ज्यांना आजार जडल्यावर औषध दिलं, ते सगळे पहिल्या व्हिडिओतल्या उंदरासारखेच पडले. शेवटच्या आठवड्यात नियमाप्रमाणे सगळ्यांना भूल देऊन मारलं आणि मेंदू काढले. ते मी माझ्या हातांनी केलं. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे माह्या कामाचं नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "आता सोडून देशीन का हे?"

सोडलं असतं तर ते सगळे जीव फुकट गेले असते. चालू ठेवायचं तर आणखी तितकेच जाणार होते. मार्गदर्शक बाईंनी नवीन गटाची यादी आधीच पाठवली होती. मी फोनवर ती यादी उघडली.

डिग्री मिळाली. नोकरीही त्याच प्रयोगशाळेत लागली, आणि काम तेच. बाबांच्या शर्टाची बटणं आता मीच लावते. मागच्या रविवारी मी बटणं लावत होते तेव्हा ते म्हणाले, "आज नको जाऊ वं. पाय उचलूनच नाही राहिला."

इंजेक्शनची वेळ झाली होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी हाताशी ठेवलं, शेजारच्या काकूंना चावी दिली आणि गेले.