होल्ड ऑफ

अल्ताफ बागवान खडकीत राहायचे आणि भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यात माल रवाना करायचं खातं सांभाळायचे. शाळेत मार खात इंग्रजी व्याकरण शिकलेला माणूस. आता या वयात आपल्याला कुणी इंग्रजी शिकवावं, हा त्यांना अपमान वाटे.

आणि शिकवणार कोण, तर नव्या मॅनेजर निकिता कांबळे, वयाने त्यांच्या निम्म्या. दर शुक्रवारी त्या सगळ्यांना बसवून फळ्यावर लिहायच्या: पुट ऑफ, पुट आउट, पुट थ्रू.

"पुट म्हणजे ठेवणे," अल्ताफभाई मागच्या खुर्चीवरून म्हणाले. "शेपूट बदललं की अर्थ बदलतो? भाषा आहे की भेळ?"

"बदलतो, अल्ताफभाई. लिहून घ्या."

"घेतो की. डोक्यात जागा उरली तर."

पुढच्याच आठवड्यात कोईमतूरच्या गिऱ्हाइकाची मेल आली: डिस्पॅच होल्ड ऑफ करा. हाताखालचा सीताराम चाचरत म्हणाला, "मॅडमना विचारू का?"

"त्यांना काय विचारायचंय? माल आधी होल्डवर होता. आता होल्ड ऑफ. म्हणजे होल्ड उठला. दिवा ऑफ होतो, तसा. सोड गाडी!"

गाडी पोचली तेव्हा गिऱ्हाइकाच्या गोदामाची फरशी उखडलेली होती. पंप उतरवायला जागाच नव्हती. गिऱ्हाईक फोनवर कडाडलं.

निकितांनी दोघांना बोलावलं. "होल्ड ऑफ म्हणजे तूर्त थांबा."

"मग सरळ 'वेट' लिहायला त्यांचं काय जात होतं?"

"काही नाही. आणि विचारायला तुमचं काय जात होतं?"

अल्ताफभाईंचे कान तापले. सीताराम खाली मान घालून उभा होता.

"गाडी कुणी सोडली? सीताराम, तुम्ही?"

"मी सोडायला लावली," अल्ताफभाई म्हणाले. दिवसभरात त्यांनी धड बोललेलं हे एकच वाक्य.

"बरं. मग माफीची मेलही तुम्हीच लिहा."

चार ओळींची ती मेल लिहिता लिहिता त्यांना घाम फुटला. निकितांनी ती तीनदा परत पाठवली, एकदाही आवाज न चढवता. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

त्या रविवारी ते मुलीसमोर, माहेनूरसमोर, बसले. "विचार."

"बॅक डाउन?"

"पाठ खाली. म्हणजे आडवं पडणं."

"माघार घेणं, अब्बा."

"अडाणी भाषा!" ते म्हणाले. मग चष्मा पुसून गुरगुरले, "हं, पुढचं विचार."