मशीन वाजवते

कार्यक्रम सुरू होण्याआधी आमचा गिटारवाला उजवा हात वर करायचा. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. ढोलकीवाल्याने ढोलकीवरचे हात उचलायचे, मी पदराला पिन लावत असले तर तीही तशीच अर्धवट सोडायची. मान तिरकी करून स्पीकरकडे बघत तो विचारायचा, "काय ऐकू येऊन राह्यलं?"

"काहीच नाही."

"मंग! हेच तर पाह्यजे."

आणि हात खाली. ज्यांनी खेड्यातला ऑर्केस्ट्रा ऐकला आहे त्यांना यातली गंमत कळेल. जनरेटरच्या करंटवर गिटारचा डब्बा, म्हणजे तो मोठा अॅम्प्लिफायर, गाणं असो नसो, सारखा घूं घूं करत असतो. याने तो डब्बाच काढून टाकला होता. गिटारची वायर साबणदाणीएवढ्या एका यंत्रात, तिथून लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपमधून थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला. लॅपटॉपमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, की जगातले महागातले महाग डब्बे त्यात चित्रासारखे दिसायचे. त्यांची बटणं तो माउसने फिरवायचा, आणि तारेवर बोट ठेवलं की आवाज त्या त्या डब्ब्याचा यायचा. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत सगळे त्याला 'लॅपटॉप'च म्हणायचे. खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला कळलं तर त्यातही खोट काढेल.

मी दिवसा मेहकरला ब्लाउज शिवायची आणि संध्याकाळी या पार्टीत गायची. माझ्या दुकानातल्या कात्रीला अधूनमधून धार लावावी लागते. त्याच्या जिभेला कधी लागली नाही. एकदा लग्नाच्या कार्यक्रमात माझा सूर जरा खाली गेला, तर गाणं संपल्या संपल्या हा चालू माइकवर म्हणाला, "ताई, गाणं मेहकरले उतरलं, तुमचा सूर खामगावलेच राह्यला." वऱ्हाडी पोट धरधरून हसले. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी दुकानात येऊन कापडाच्या ढिगाशेजारी उभा राहिला.

"रागावल्या का, ताई?"

"मग काय आरती ओवाळू?"

"पण सूर चुकला होता का नाही, ते सांगा."

माफी मागण्याची त्याची ही पद्धत.

बेंजोवाल्या काकांच्या बाबतीत तर त्याने कसाईपणा केला. काका जुने. पार्टी सुरू झाली तेव्हापासूनचे. याने गिटारवरच बेंजोसारखा आवाज काढून पार्टीच्या मालकांना ऐकवला, आणि मालकांना तेवढंच पुरलं. काकांना कोणी काही सांगितलं नाही. ते नेहमीसारखे बेंजोची कापडी पिशवी मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. हा वर चढला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही आता माह्या लॅपटॉपात आले. घरी आराम करा." काका खाली उतरले. टेम्पो सुटला. हा रस्ताभर शिट्टी वाजवत होता. असा माणूस. तुम्ही त्याला जवळ केलं असतं का? मलाही तो आवडत नव्हता. पण त्याने गिटार हातात घेतली की मी माझी पुढची ओळ विसरायची, हेही तितकंच खरं.

लॅपटॉपवर त्याचा जीव होता. टेम्पोत तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा. हिवरा आश्रमाजवळ एकदा भर उन्हाळ्यात कार्यक्रम होता. स्टेजवर एकच पंखा, तो याने लॅपटॉपकडे वळवला. माझ्या तोंडाची पावडर ओघळून गळ्यात आली. मी पंखा आपल्याकडे ओढला तर म्हणाला, "ताई, तुम्ही तापल्या तर घाम येते. हे तापलं तर बंद पडते." मालक त्याच्याच बाजूने.

पण लोकांना डब्बा हवा असायचा. गावात स्टेजच्या खाली वाकून वाकून बघायचे. "दादा, तुमचा डब्बा कुठी हाय?"

"हा काय." तो लॅपटॉप दाखवायचा.

"याच्यात तं पोट्टे पिच्चर पाह्यतात!"

मालक व्यवहारी. ते म्हणाले, "एक रिकामं खोकं ठेव बे बाजूले. आत लाल लाइट लावू. पब्लिकचं समाधान." तो इतका चिडला, की त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. "म्या खोटं नाही ठेवत," एवढंच म्हणाला. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारा हा माणूस खोट्या खोक्याला मात्र शेवटपर्यंत तयार झाला नाही.

त्याचे वडील जानेफळच्या बाजूच्या एका खेड्यात राहायचे. एके काळी त्यांचा बँड होता, लोक त्यांना मास्तर म्हणायचे. पंचक्रोशीतलं लग्न मास्तरांच्या क्लॅरिनेटशिवाय लागायचं नाही. मग डीजे आले, बँड बसला, आणि मास्तरांचा दमही गेला. पोराला त्यांनी लहानपणी क्लॅरिनेट शिकवायला घेतलं होतं. त्याला फुंकच जमायची नाही. मास्तर सगळ्या बँडसमोर त्याच्या गालफडात मारायचे आणि म्हणायचे, "ज्याले फुंक नाही, त्यानं बाजाले हात लावू नये." हे त्याने मला स्वतः सांगितलं, तेही हसत. मास्तर त्याच्या एकाही कार्यक्रमाला कधी आले नव्हते. "एकदा ऐकलं पाह्यजे बुढ्यानं," तो म्हणायचा. "एकदाच. मंग काय म्हणायचं ते म्हणो." बाकी कोणाकडून काही 'पाहिजे' असं तो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा बीटी कपाशीचं बियाणं विकणारे गावोगाव मेळावे घ्यायचे. आधी आमची गाणी, मग त्यांचं भाषण, मग पोहे. चांगल्या वर्षांत लोक नाचायचे. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बीटीला अळी लागत नाही असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्या बोंडाबोंडात अळी निघाली. कापूस पिवळा पडून बोंडातच चिकटला, नुसती कवडी झाली. वेचायला बाया यायला तयार नव्हत्या, आल्या तर अंगाला खाज सुटायची. आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर, एका कंपनीने मेळावा ठेवला तो नेमका मास्तरांच्या गावात.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यंदा लोक पेटलेले आहेत, नको. याने मात्र मालकांच्या मागे लागून ती तारीख घ्यायला लावली. मंडपात पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवली, स्वतःच्या रुमालाने पुसली, आणि घरी जाऊन वडिलांना घेऊन आला. मास्तर पांढरं धोतर नेसून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले.

त्या संध्याकाळी त्याने जे वाजवलं, ते मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. माझं शेवटचं कडवं राहिलं होतं आणि मधल्या जागेत तो क्लॅरिनेटच्या चालीने गेला. बँडवाले नवरदेव वेशीत आल्यावर लांबवतात ना सूर, तसा. मी मास्तरांकडे बघितलं. काठीवरची त्यांची बोटं हलत होती.

गाणं संपलं आणि मागून एक शेतकरी उठला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि तीत मागच्या सालची किडकी बोंडं. त्याने ती उंच धरली. "साहेब, हे काय हाय ते सांगा आधी!"

कंपनीचा साहेब स्टेजवर हार घालून बसला होता. "काका, प्रश्न शेवटी," तो गोड आवाजात म्हणाला. "आधी गाणी ऐकू."

"गाणी तरी खरी हायेत का? पाकिटावर एक, आत एक. तो पाह्य, डब्बा नाही, काही नाही. टीव्हीवानी लावून ठेवलं समोर, अन् हा नुसता बोटं हालवते!"

"मशीन वाजवते बे!" दुसऱ्या कोणीतरी साथ दिली. मग मंडपभर तेच सुरू झालं. साहेबावर ओरडायची बाकी कोणाची छाती नव्हती. पुढच्या पेरणीला बियाणं त्याच्याच दुकानदाराकडून घ्यायचं होतं. गिटारवाल्यावर ओरडायला काय जातं?

याने माइक घेतला. आता शिवी देतो की काय, म्हणून मी डोळे मिटले. पण तो चक्क नम्रपणे बोलला. "भाऊ, मशीन फक्त आवाज मोठा करते. वाजवते हात. खोटं वाटत असन तं कोणीही या अन् तारेले हात लावून पाह्या."

तुमच्या लक्षात आलं असेल, पुढे काय झालं ते. माझ्या आलं नव्हतं. गावातला पानठेलेवाला वर आला. चुना लागलेले हात त्याने पॅंटला पुसले आणि सहाही तारांवरून एक सपाटा मारला. पुढचं गाणं जोरकस होतं, त्यासाठी लॅपटॉपवर सगळ्यात कडक आवाज लावून ठेवलेला. अशी गर्जना उठली की मंडपाच्या लाकडी बल्ल्या हलल्या. आणि मग जो हशा पिकला!

"पाह्यलं का! पानठेलेवाल्यालेही गिटार येते!"

"अहो, ते नुसतं वाजलं, गाणं नाही वाजलं!" हा ओरडत होता. कोण ऐकतो? पानठेलेवाला दोन्ही हात वर करून नाचत होता.

साहेबाच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मला अजून दिसते. त्याने स्वतः माइक घेतला. "भांडता कशाला? गावातच जाणकार बसले आहेत. मास्तर, तुम्हीच वर या. तुमचा निकाल सगळ्यांना मान्य!"

टाळ्या पडल्या. मास्तर उठले. पायऱ्यांशी पोराने हात पुढे केला. त्यांनी तो सोडून मंडपाची बल्ली धरली आणि चढले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा तो माणूस वडिलांच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा निकालाच्या दिवशी पोरगा गुरुजींकडे बघतो. मला त्याची दया आली. पहिल्यांदाच आली, आणि फार आली.

मास्तरांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "याच्यात फुंक नव्हती," ते म्हणाले. "लहानपणीच पाह्यलं म्या. मशीनच वाजवते." माइक साहेबाच्या हातात दिला आणि उतरले.

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पिशवीवाला शेतकरीही पोटभर हसला. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी खोटं त्याच्या हातात सापडलं होतं. पिशवी त्याने खुर्चीखाली सरकवून दिली. साहेब उठला आणि नव्या वाणाची माहिती सांगू लागला, आणि लोक शांतपणे ऐकू लागले.

स्टेजच्या मागे याने वायरी गुंडाळल्या. नीट, एकेक. मालकांनी मला सांगितलं, नुसत्या ढोलकीवर अजून दोन गाणी घे. मी घेतली. मी परत आले तेव्हा तो गेला होता. गिटारही गेली होती. लॅपटॉप गोधडीत गुंडाळून टेम्पोतल्या माझ्या जागेवर ठेवलेला होता. तो बरेच महिने माझ्या दुकानात कपाटावर पडून राहिला, मग मालक घेऊन गेले.

तो सुरतला गेला असं कळलं. साडीच्या कारखान्यात लागला. त्याचा नवा नंबर ढोलकीवाल्याने मला दिला, पण बरेच दिवस मी तो लावला नाही. काय बोलणार?

मग एका लग्नाचे ब्लाउज पोचवायला मी त्याच्या गावी गेले. मास्तर ओट्यावर बसले होते. मी चहा घेतला, तब्येत विचारली, आणि मग राहवेना.

"मास्तर, खरं सांगा. त्या दिवशी तो वाजवत होता की मशीन?"

"तो," मास्तर लगेच म्हणाले. "मले काय कानं नाहीत? तुह्या गाण्यात मधात त्यानं जे घेतलं, ते माह्या हातून बी कधी निंघालं नाही."

माझा कप हातातच राहिला. "मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"माह्या बापानं मले कधी म्हटलं होतं?"

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. मी तिथल्या तिथे सुरतचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. म्हटलं, आता बोला, एवढंच बोला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता आणि त्यातून त्याचा आवाज आला, "हॅलो. कोण बोलते?" मास्तरांनी ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच बोल. मले दम नाही."

"मी बोलतेय, मेहकरची ताई," मी घाईघाईने म्हटलं. "तुझ्या घरी आलेय. अरे, बाबा आत्ता म्हणाले, तूच वाजवत होतास. त्यांनाही तसं कधी जमलं नाही म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले!"



"ताई," तो म्हणाला, "तुम्ही काऊन खोटं बोलता?"

मी मागे वळले. मास्तर आत निघून गेले होते. दाराला कडी लागल्याचा आवाज आला, आणि तोवर पलीकडूनही फोन ठेवला गेला होता.