त्यांनी सोडलं, घरी आम्ही आणलं

माझा धाकटा भाऊ तुरुंगातून सुटला, तेव्हा त्याला गाडीत चढता आलं नाही. त्याचा खटला लढवणाऱ्या वकीलबाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. एके काळी हाच माणूस शहराला लागून असलेल्या वाडीच्या गोदामांत सिमेंटची पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. पुढे त्यानं तिथल्या हमालांची संघटना बांधली, मजुरीसाठी काम बंद पाडलं, आणि एका पहाटे पोलीस त्याला घेऊन गेले. आरोप काय, तर देशाविरुद्ध कट. सात वर्षं जामीन नाही. शेवटी कोर्ट म्हणालं, पुरावाच नाही, निर्दोष.

निर्दोष म्हणजे काय, ते मी तुरुंगाच्या दारात पाहिलं. त्याच्या हातात कपड्यांची एक पिशवी दिली आणि मागे दार लावून घेतलं. कुणी चुकलं म्हणालं नाही. आता हा जाईल कुठे, खाईल काय, हे कुणी विचारलं नाही.

आत असताना त्याची पाठ दुखायची, बारीक ताप यायचा. दर वेळी वेदनाशामक गोळी. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला आणि सांगितलं, मणक्याचा टीबी आहे, फार उशीर झाला, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर पाय कायमचे जातील. टीबीच्या गोळ्या सरकारी मिळतात, पण ऑपरेशन, पट्टा, महिनोन्महिने व्यायाम करून घेणारा माणूस, हे सगळं कुठून आणायचं? पारशिवनीजवळच्या आमच्या गावच्या घरात संडाससुद्धा अंगणापलीकडे. मी शहरात, धरमपेठेतल्या एका गल्लीत ब्लाउज शिवते. माझ्या मशीनवर हे भागणारं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, "लोकांकडे मागू. इंटरनेटवर आवाहन टाकू."

मला आवडलं नाही, पण दुसरा रस्ता नव्हता. पैसे गोळा करून देणाऱ्या एका वेबसाइटवर त्यांनी सगळं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका मुलीचा मला फोन आला. "मॅडम, पेशंटचा रडतानाचा फोटो असेल तर पाठवा ना. रिस्पॉन्स चांगला येतो."

मी म्हटलं, "सात वर्षं रडत होता, तेव्हा कुणी फोटो काढायला आत सोडलं नाही. आता नाही रडत तो."

तरी पैसे येऊ लागले. कोण कुठली माणसं, थोडे थोडे पाठवत होती. आणि त्याच पानावर खाली दुसरी माणसं लिहीत होती. गद्दाराला मरू द्या. आमच्या करावर पोसला, आता भीक मागतो. मी मशीन थांबवून ते एकेक वाचत बसायची. मग कुणीतरी तक्रारी केल्या. वेबसाइटनं ते पानच काढून टाकलं. विषय संवेदनशील आहे म्हणे. वकीलबाईंनी निकालाची प्रत पाठवली, त्यावर उत्तर नाही. जमलेले पैसे ज्यांचे त्यांना परत गेले.

म्हणजे कोर्टानं सोडलं तरी हे सोडणार नव्हते.

त्या रागात मी निकालाचं शेवटचं पान मोठं करून दुकानाच्या काचेवर लावलं. शेजारी माझ्या खात्याचा क्यूआर कोड. खाली लिहिलं, माझ्या भावाच्या ऑपरेशनसाठी.

माझ्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक बाई मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजांचं विचारायला आल्या. काचेवरचं वाचून आत आल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, "अहो, हे कशाला इथे? गिऱ्हाइकं तुटतील. आणि काहीतरी असेलच ना, नाहीतर उगाच सात वर्षं कोण ठेवेल?"

मी त्यांचं अर्धवट शिवलेलं सगळं कापड घडी करून त्यांच्यासमोर ठेवलं. "दुसरीकडून शिवून घ्या."

"अहो, लग्न चार दिवसांवर आलंय!"

"माझ्या भावाचे पाय जायची वेळही तितकीच जवळ आलीय."

त्या गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. पण वाडीचे हमाल आले. काच पाहून कुणीतरी तिकडे सांगितलं होतं. पाळी संपवून, अंगावर सिमेंटची धूळ तशीच घेऊन ते दुकानात शिरले. मुकादम म्हणाला, "ताई, आमाले आधी काहून नाही सांगतलं?" त्यांनी गोदामागोदामांतून पैसे उभे केले, दवाखान्यात आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलेही.

भाऊ मात्र माझ्यावरच भडकला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाला, "माह्या नावानं भीक काहून मागून राहिली वं ताई?"

"भीक नाही गा. ज्याईनं तुले मोडलं त्याईनंच द्याले पाहिजे होतं."

"मग त्याईलेच माग."

"मागतो ना! पण त्याईनं देईपर्यंत तुह्या पायात जीव राहीन काय?"

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ऑपरेशनच्या कागदावर सही मात्र केली.

ऑपरेशन झालं. आम्ही त्याला गावी नेलं. घराला लागून संडास बांधला, भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली. एक बाई येऊन व्यायाम करून घ्यायची, तो दात आवळून शिव्या द्यायचा. पावसाळा गेला, तेव्हा तो काठी घेऊन अंगणात उभा राहू लागला.

आणि मग एक दिवस पोलीस शिपाई दारात. सहज चौकशी म्हणे. मी त्या दिवशी गावीच होते.

"इलाजाले पैसे कोणी कोणी दिले? नावं सांगा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तो आत तापानं फणफणला तवा आलते काय पुसाले? आता इलाज झाला तर पैशाची चौकशी?"

शिपाई म्हणाला, "बाई, मले वरून सांगतलं, मी विचारून राहिलो."

आतून काठीचा आवाज आला. भाऊ चौकट धरून उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "साहेब, कोर्टाचा कागद आणा, मग नावं पुसा. त्या लोकाईच्या घरी तुमाले मी नाही धाडणार."

शिपाई मोटरसायकल काढून गेला. भाऊ खाटेवर बसला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "वकीलबाईले फोन लाव."

नुकसानभरपाईचा दावा त्या दिवशी ठरला. वकीलबाईंनी आधीच सांगितलं, फार वर्षं लागतील, बहुधा मिळणार नाही. मी म्हटलं, टाका. आता तारीख असली की मी दुकानाला कुलूप घालते आणि कोर्टात पुढच्या बाकावर जाऊन बसते. सरकारी वकील दर वेळी मुदत मागतो. मुदत घेऊन मागे वळला की त्याला माझ्याकडे बघावं लागतं, एवढी जागा मी धरून ठेवली आहे.