पहिला डाव चिंचोक्यांचा

मृदुला आमच्या वरच्या मजल्यावर राहते. झुइडओस्ट या डच उपनगरातल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये ओळख झाली तेव्हा ती राजनची बायको होती आणि त्यापलीकडे इथे तिला कुणी काही समजत नव्हतं. पुण्यात तिने जाहिराती लिहिल्या होत्या. साबणाच्या, बँकांच्या, एका लोणच्याची तर लोक अजून म्हणून दाखवतात. इथे मात्र डच येत नाही म्हणून जाईल तिथे नकार. ती इतकी चिडलेली असायची की मी नोकरीचा विषयच काढेनाशी झाले.

मग एका जाहिरात कंपनीत काम मिळालं. आधी वर्षाचा करार, काम पसंत पडलं तर कायम. ग्राहक कोण, तर ऑनलाइन कॅसिनो. मी नाक मुरडलं. ती म्हणाली, टीव्हीवर आणि रस्त्यावर असल्या जाहिरातींना इथे बंदीच आहे. फक्त फोनवर, माणसं निवडून दाखवतात, खाली इशाराही असतो. मला पटवत होती की स्वतःला, देव जाणे.

दिवाळीत इथल्या भारतीयांमधून नवे खेळाडू आणायचे होते. ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहायचं. बाकीच्यांनी लक्ष्मी, मोहरा, हत्ती असला सगळा पसारा मांडला. मृदुलाला हसू आलं. आपला मध्यमवर्गीय माणूस जुगाराला भितो, मोहरा दाखवल्या की खिसा आणखी आवळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याची भीती घालवली की काम झालं. तिने सतरंजी दाखवली, चिवड्याची ताटली, पत्ते आणि मध्ये चिंचोक्यांचा ढीग. खाली ओळ: ‘पहिला डाव चिंचोक्यांचा. घरच्यासारखं खेळा.’ नव्या माणसाला सुरुवातीचे डाव फुकट, एवढंच सांगायचं होतं, ते तिने असं सांगितलं. तिचा डच साहेब मार्टाइन बेहद्द खूश झाला. करार कायम होणार, हे त्याने जवळजवळ बोलूनच टाकलं.

तिची एक जुनी सवय होती. जाहिरात बाहेर जाण्याआधी ती घरातल्या सगळ्यात सावध माणसाला दाखवायची. तो फसला तर जग फसेल, असं ती हसत म्हणायची. इथे तो माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर, आइंडहोवनचा अभिजित. हा गृहस्थ दाराला कुलूप लावून खाली उतरतो आणि परत वर येऊन ते ओढून बघतो. दर दिवाळीला त्यांच्या घरी तीन पत्ती रंगते, सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेल्या चिंचोक्यांवर. चिंचोकेसुद्धा जाऊ नयेत म्हणून हा दर डावाला पत्ते टाकून मोकळा होतो. गणपतीच्या सुमारास मृदुलाने त्याला चाचणीची लिंक पाठवली. ती लिंक खऱ्या कॅसिनोतच उघडते हे तिला माहीत होतं. अभिजित वाचून थांबेल, हे तिने गृहीतच धरलं होतं. ‘छान आहे, भीती नाही वाटली,’ असं त्याचं उत्तर आलं, तेव्हा ती खाली मला दाखवायला धावत आली होती.

दिवाळीच्या रविवारी आम्ही सगळे आइंडहोवनला जमलो. सोमवारी सकाळी मृदुलाने अंतिम होकार दिला की जाहिरात सगळीकडे सुटणार होती. फराळ झाला, सतरंजी पडली, पत्ते वाटले. अभिजितने पत्ते न बघता चिंचोके पुढे सरकवले. पुढच्या डावाला पुन्हा न बघताच. सगळ्यांनी गलका केला. त्याची बायको अमृता कौतुकाने म्हणाली, यंदा सुधारलाय. तो हरत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याचं लक्ष मांडीखाली ठेवलेल्या फोनकडे होतं. मी मृदुलाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चहाच्या निमित्ताने तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. मी कप आणायला गेले आणि दारातच थबकले.

“कधीपासून?” तिने विचारलं.

आधी तो उगाच हसला. मग ओट्याकडे बघत म्हणाला, “वहिनी, तू पाठवलीस म्हणून ती लिंक उघडली. परक्याची असती तर हातही लावला नसता.”

“घर घ्यायला साठवलेले पैसे?”

“अमृताला नको सांगूस,” तो म्हणाला. यातच सगळं आलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. राजन दोनदा काय झालं म्हणाला, तिने ‘घरी सांगते’ म्हणून टाळलं. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची कीवही येत होती.

सोमवारी तिने मार्टाइनला नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, त्याला खरोखर वाईट वाटलं. दिराला स्वतःचं नाव खेळबंदीच्या यादीत घालायला सांग, म्हणाला, म्हणजे कुठलाच कॅसिनो त्याला आत घेणार नाही. मग तितक्याच सौम्यपणे म्हणाला, की शब्द आता कंपनीचे आहेत, होकार दुसरं कुणी देईल. तिच्या कराराबद्दल तो बोलला नाही आणि तिनेही विचारलं नाही. संध्याकाळी तिने अमृताला फोन करून सगळं सांगून टाकलं.

अभिजितने नाव यादीत घातलं. अमृता त्याच्याशी बोलते. मृदुलाशी मात्र अजून बोलत नाही.

भाऊबीजेला मी मेट्रोत होते. फोनवर ती सतरंजी आली, तो चिवडा, ते चिंचोके. मला सगळं माहीत होतं, तरी आधी आठवलं ते माझं माहेर. बोट काचेला टेकणारच होतं, तेव्हा भानावर आले आणि फोन पर्समध्ये कोंबला. हे मी मृदुलाला अजून सांगितलेलं नाही.