ओढून बघितलंस काय?

माझ्या सासऱ्यांचा जगातल्या एकाही जोडणीवर विश्वास नाही. दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसल्या की त्या ओढून बघायच्या, हा त्यांचा धर्म. माहुलला ट्रेलर-टँकर दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. जड गाडीच्या गिअरच्या मुठीवर एक कळ असते. ती खाली-वर केली की दोन बारीक पाइपांतून हवा गिअरबॉक्सकडे जाते आणि आहेत त्याच्या दुप्पट गिअर मिळतात. हे पाइप आत खुपसायचे आणि लगेच उलटे ओढून बघायचे. हातात आले तर बसलेच नव्हते. एवढंच ते काम, पण सासऱ्यांनी ते गॅरेजमधून घरी आणलं. गॅसची नळी, पडद्याचा दांडा, शेजाऱ्यांच्या शर्टाचं बटण, त्यांच्या हातून काही सुटलं नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी चौरंगाचा केळीचा खांब ओढून बघितला, तो थेट भटजींच्या मांडीवर. भटजी कळवळले, तर हे आनंदाने म्हणाले, "बघा, बसलाच नव्हता!"

त्यांच्या मुलीशी, मंजूशी, लग्न करायचं म्हणून मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मला त्यांनी घरी नाही, गॅरेजमध्ये बोलावलं. मी कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि ते ट्रेलरखाली. बाहेर फक्त दोन पावलं दिसत होती. खालूनच आवाज आला, "कोण, मंजूचा तो? चढ वर केबिनमध्ये. सांगेन तेव्हा कळ खाली कर." स्कूटरपलीकडे मी आयुष्यात काही चालवलेलं नव्हतं. जन्माचा प्रश्न असल्यासारखा मी त्या कळीला चिकटलो, आणि प्रश्न खरंच जन्माचा होता. दोन्ही पाइप लावल्याचं आणि ओढून बघितल्याचं खालून जाहीर झालं. "कर खाली!" मी केली. माझ्या हातातल्या गिअरच्या मुठीतून फुस्स करून हवा सुटली आणि थांबेचना. मला वाटलं, असंच असतं. मी खिडकीतून वाकून ओरडलो, "मस्त चाललंय!"

तेवढ्यात मंजू डबा घेऊन आली. लहानपणापासून गॅरेजमध्ये वावरलेली ती; केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवून तिने क्षणभर ऐकलं आणि ओरडली, "बाबा, पाइप उलटेसुलटे लावलेत तुम्ही!"

सासरे सावकाश बाहेर आले आणि एका जुन्या टायरवर बसले. चेहरा पार उतरला होता. "दोन्ही पक्के बसलेत गो. ओढून बघितले. पण ह्याचा त्याला लागला नि त्याचा ह्याला. असं कधीच झालं नव्हतं. तू जाणार म्हणून डोकंच ठिकाणावर नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ओढून पक्कं आहे ते कळतं. बरोबर जागी आहे का, ते कसं कळायचं?"

ते पाइपांबद्दल बोलत नव्हते, हे मलाही कळलं. मंजू मात्र हसली. "कान कशाला दिलेत, बाबा? चुकीचं लागलं की हवा जाते ना? ह्याला मी वर्षभर ऐकतेय. कुठून हवा जात नाही."

"हवा जात असताना मस्त चाललंय म्हणाला तो!"

"गाड्यांतलं कळत नाही त्याला. तुम्ही शिकवा."

सासरे हसायला लागले ते थांबेचनात. फडक्याला हात पुसून त्यांनी मंजूचा हात माझ्या हातात दिला, दोघांची मनगटं पकडली आणि असा हिसका दिला की माझ्या शर्टाची बाही काखेत उसवली. हात सुटले नाहीत. "बसलंय," ते म्हणाले. "चल जावईबापू, आता पाइप बदलू."

हल्ली त्यांनी काम सोडलंय. रविवारी मुलुंडला आमच्याकडे जेवायला येतात, जेवणाआधी आमचे नळ ओढून बघतात. निघताना मी खाली रिक्षापर्यंत सोडायला जातो. आत बसले की ते माझा हात हातात घेतात आणि ओढून बघतात. त्या ओढण्यात आता काही जोर राहिलेला नाही. मला फार वाईट वाटतं. रिक्षावाला मीटर टाकून आमच्याकडे बघत राहतो, पण मी हात सोडत नाही.