नागपूरपेक्षा जवळचं शिकागो

समता कॉलनीतल्या आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात लोक घाईने येतात, पण जाताना एखादा किस्सा सोडून जातातच. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, घरोघरची मुलं परदेशी उडाली आणि मागे राहिलेले आईबाप मला दोनच प्रश्न विचारू लागले: किती लांब? किती वेळ?

पंडरीच्या एका कापडवाल्या शेठजींना मी न्यूयॉर्कचे पंधरा तास सांगितले. ते सवयीने म्हणाले, "भैया, तेरह लगा दो, घर के आदमी हैं." मी हसलो, तर उठता उठता साडेचौदावर आले!

एका बाईंना अशी खिडकी हवी होती, जिथून तेलीबांधा तलावापाशी उभे राहिलेले त्यांचे मिस्टर दिसतील. मी अंदाजाने डावी बाजू दिली. दुसऱ्या दिवशी मिस्टर आले आणि म्हणाले की लाल छत्री नेली होती, तिला बरोबर दिसलो. मी कशाला वाद घालतो!

माझं सर्वांत लाडकं गिऱ्हाईक म्हणजे वानखेडे काका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. लेकीचं बाळंतपण शिकागोला होतं. काकांना डॉक्टरांनी विमान मना केलेलं, म्हणजे काकूंनी एकटीनेच जायचं. काकूंनी तर बजावलं होतं, फार तास बसणं आपल्याच्यानं होणार नाही. तिकडे लेक रोज फोनवर रडत होती.

काकांनी तिकिटावरच्या वेळा गाडीच्या टाइमटेबलसारख्या वाचल्या. दिल्ली रात्री एक, शिकागो पहाटे पाच. वजाबाकी केली आणि खूश झाले. "चारच घंटे! नागपूरले पाच लागतात!" मी काही बोलायच्या आत घरी जाऊन सांगूनही आले. काकू तयार झाल्या.

दोन दिवसांनी काका परतीचं तिकीट घेऊन हजर. त्याची वजाबाकी सव्वीस तास येत होती.

"जातानी चार अन् येतानी सव्वीस? मधात आपल्या नागपूर लाइनीवरच्या दरेकसासारखा घाट हाय का? मंग मागून ढकलाले इंजिन काहून नाही लावत?"

मी समजावलं की तिकडचं घड्याळ आपल्या मागे असतं. अंतर बारा हजार किलोमीटर, जाताना पंधरा तास, येतानाही पंधराच. देशभर एकच वेळ पाळणाऱ्या रेल्वेत काकांची हयात गेलेली. त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "तिले सांगू नको. थे जाणार नाही मंग."

मला अपराधी वाटलं, पण मी मान डोलावली.

निघायच्या दिवशी दोघं एअरपोर्टला जाता जाता मला पेढे द्यायला थांबली. काकूंच्या पिशवीत तीन मोठे डबे होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पुन्हा दशम्या. काकांनी चोरून माझ्याकडे पाहिलं आणि काकूंना विचारलं,

"चार घंट्याले एवढं काहून?"

काकूंनी पिशवीचा बंद आवळला.

"पस्तीस वर्सं तुमी सांजेले येतो म्हणून ड्यूटीवर गेले," त्या म्हणाल्या, "अन् डबा मी दोन दिवसाचा बांधला."