एकतीस वांग्यांचं झाड

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मंगरूळपीरजवळची आमची वांग्याची वाडी आठवडाभर माझ्या गळ्यात पडली. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. वांगी तोडता तोडता डोक्यात खूळ शिरलं, पुस्तकातली कंटाळवाणी उदाहरणं वर्गाला कशाला द्यायची? एका ओळीतल्या अकरा झाडांची वांगीच मोजू.

चढत्या क्रमाने आकडे मांडले. नऊ, दहा, अकरा, अकरा, बारा, तेरा, तेरा, चौदा, पंधरा, पंधरा, आणि एका झाडाला एकदम एकतीस! पहिलं चतुर्थक अकरा, तिसरं पंधरा. अंतर चार, त्याची दीडपट सहा. पंधरात सहा मिळवले की एकवीस, त्यापलीकडचा आकडा आउटलायर, म्हणजे इतरांत न बसणारा. एकतीसला मी गोल केला आणि त्या झाडाची सगळी वांगी तोडून क्रेटात भरली. काम लवकर उरकलं म्हणून खूशही झाले.

आई घरी आली ती डोळ्यावर पट्टी आणि वाकायची मनाई घेऊन. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून वाडीत गेलीच. मी मोठ्या हौसेने तिला गणित सांगितलं.

"मंग अशा आकड्याचं काय करता तुमी?"

"बहुतेकदा बाजूला काढतो."

"आमी बी बाजूले काढतो," ती म्हणाली. "बियान्यासाठी. कुठी हायेत त्याची वांगी?"

वांगी कालच बाजारात गेली होती. दर हंगामात सगळ्यात चांगल्या झाडाचं बी धरत धरत आई या झाडापर्यंत पोचली होती, आणि हा त्याचा शेवटचा बहर होता.

"तुले सांगाचंच राह्यलं वं," एवढंच ती बोलली. रागावली असती तर मी उलट बोलले असते, ती माझी सवयच आहे. पण ती चूक स्वतःकडे घेत होती, आणि मला रडू आलं.

"वाक," ती म्हणाली. "मले मनाई हाय. त्याच झाडाच्या खालच्या पानाइत हात घाल. पाहू नको, चाचप."

देठाचे काटे बोटांत घुसले. मग अगदी मातीला टेकलेलं, गार, गुळगुळीत काहीतरी हाताला लागलं.

"माय, एक हाय!"

आईने पदराची किनार फाडून माझ्या हातात दिली. अशी खूण बांधली की आतलं बी पिकून वांगं पिवळं पडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मी ती देठाला गुंडाळली आणि गाठ जोरात आवळायला लागले.

"हळू वं," आई म्हणाली. "एवढंच हाय आपल्याजवळ."